पियानो शिकवणारी मुलगी आणि दाराआडचे बाबा

पुण्याहून एका वडिलांनी लिहिलं आहे. मुलगी 20 वर्षांची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. पियानोच्या परीक्षांतली आठवी, म्हणजे सगळ्यात वरची ग्रेड डिस्टिंक्शनने पास झाली. गेलं वर्षभर घरीच तिघांना शिकवते: सहा वर्षांची एक मुलगी, नववीतला एक मुलगा आणि बँकेतून निवृत्त झालेले 63 वर्षांचे एक काका. आता तिला पूर्णवेळ शिकवायचंच काम करायचं आहे. वडील लिहितात, ‘छोटी दोन महिन्यांत सोडून गेली, मुलगा ग्रेड तीन पास होऊनही पियानोला हात लावत नाही, काका आहेत तिथेच आहेत. निदान लहान मुलांना तरी शिकवता यायला हवं, तिथे असं काय लागतं? एक तर तिने परदेशात जाऊन खरी कलाकार व्हावं, नाहीतर एमबीए करावं. ज्यांना वाजवायला जमत नाही तेच शेवटी शिकवत बसतात. मी शेजारच्या खोलीतून ऐकत असतो आणि जेवताना तिला तिच्या चुका सांगतो.’

साहेब, तुमच्या पत्रातलं हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. मुलीच्या मार्कांची मला काळजी नाही, तुमच्या त्या शेजारच्या खोलीची आहे. नवीन शिक्षक पहिली दोन-तीन वर्षं चाचपडतच शिकतो. एखादी गोष्ट तीन प्रकारे समजावून बघतो, दोन फसतात. भिंतीपलीकडे कोणी चुका मोजत बसलंय हे माहीत असेल, तर तो चाचपडायचंच थांबवतो आणि आपल्याला जसं शिकवलं गेलं तसंच पुढे रेटतो. तुमच्या मुलीचं नेमकं हेच झालेलं दिसतं. तिने सहा वर्षांच्या पोरीला हॅनन या फ्रेंच पियानोशिक्षकाचे बोटांचे व्यायाम दिले, असं तुम्ही कौतुकाने लिहिलंय. ते 60 व्यायाम 1873 साली छापले गेले आणि वर्षभर पियानो शिकून झाल्यावर ते सुरू करावेत असं खुद्द हॅननच प्रस्तावनेत म्हणतो. तुमच्या मुलीला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. बाबांच्या कानाला ‘शिस्तीचं’ काहीतरी ऐकू यावं म्हणून तिने ते दिले असावेत.

आता ‘लहान मुलांना शिकवायला काय लागतं’ याकडे वळू, कारण हा गैरसमज फक्त तुमचा नाही. पियानो शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम तेच आहे. सहा वर्षांच्या मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून पायाखाली पाट ठेवावा लागतो, नाहीतर सगळा भार खांद्यांवर येतो. मधल्या सा पासून वरच्या सा पर्यंतचं अंतर सुमारे 16.5 सेंटिमीटर, तेवढा पंजा त्याचा ताणतच नाही. बोटाचं शेवटचं पेर पट्टी दाबताना आत मोडतं. ते पहिल्याच महिन्यात सुधारायला गेलात तर मनगट लाकडासारखं ताठ होतं, आणि हा दोष मग दहा-दहा वर्षं जात नाही. म्हणून जाणते शिक्षक आधी काळ्या पट्ट्यांच्या दोनाच्या आणि तीनाच्या जोड्या ओळखायला लावतात, मधल्या बोटाने अख्खा हात सैल सोडून वाजवायला लावतात, आणि नोटेशनच्या, म्हणजे लिहिलेले सूर वाचण्याच्या आधी पुष्कळ काही कानाने शिकवतात. दर पाच-सात मिनिटांनी खेळ बदलतात. नवखी शिक्षिका एकटीने हे सगळं करू जाते तेव्हा एखादी छोटी सोडून जाणारच. त्यावरून मुलीला शिकवता येत नाही असा निकाल देऊ नका. तिला ही विद्या कोणी शिकवलेलीच नाही. आठवी ग्रेड वाजवण्याची परीक्षा आहे, शिकवण्याची नव्हे.

नववीतल्या मुलाचं कारण तर उघड आहे. आपल्याकडे बऱ्याच क्लासांत परीक्षेचे तीन पीस, म्हणजे वाजवायच्या रचना, वर्षभर घोटून घेतात. मुलगा पास होतो, पण चौथा पीस समोर ठेवला की अडखळतो, कारण वाचायची सवयच लागलेली नसते. त्याला या वर्षी परीक्षेला बसवू नये. बुर्गम्युलर, काबालेव्हस्की या संगीतकारांचे सोपे पीस भराभर वाचू द्यावेत. त्याच्या आवडीच्या हिंदी गाण्याला डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरायला शिकवावं. पियानोकडे तो परत येईल तो त्या गाण्यामुळे, आणि त्यात काहीही गैर नाही.

काकांबद्दल तुम्ही सहज लिहून गेलात की ते भजनी मंडळात अनेक वर्षं पेटी वाजवत. सगळं दुखणं तिथेच आहे! पेटीवर उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. म्हणजे उजवा हात तयार, डावा पट्ट्यांवर कधी फिरलेलाच नाही. पेटीत आवाज लहानमोठा होतो तो भात्याच्या हवेने, पियानोत पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर. पेटीचा सूर बोट ठेवाल तोवर टिकतो, पियानोचा वाजल्या क्षणापासून विरत जातो. त्यामुळे काका सगळं एकाच जोराने वाजवत असणार, आणि तुम्हाला भिंतीपलीकडून ते ‘आहेत तिथेच’ वाटत असणार. त्यांना डाव्या हाताला काम देणारे छोटे पीस हवेत, सावकाश लयीत, पण बालगीतं नकोत. हंगेरियन संगीतकार बार्टोकने 1926 ते 1939 या काळात ‘मिक्रोकॉस्मॉस’ नावाने सहा भागांत 153 पीस रचले. त्यातले सुरुवातीचे पीस पाचच बोटांत बसणारे आहेत आणि मोठ्या माणसाला ते पोरकट वाटत नाहीत.

‘वाजवता येत नाही तेच शिकवतात’ हे तुमचं म्हणणं मात्र साफ चूक आहे. थोर पियानोवादक-संगीतकार शोपाँने आयुष्यात जाहीर मैफली केल्या त्या जेमतेम तिसेक. पॅरिसमध्ये त्याचं घर चाललं ते मुख्यतः शिकवण्यांवर. नव्या शिष्याला तो पहिली स्केल (सुरांची चढती-उतरती ओळ) नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांची सी मेजर देत नसे, काळ्या पट्ट्यांची बी मेजर देई, कारण त्यात लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपसूक विसावतात. सी मेजर वाचायला सोपी, हाताला अवघड. हात कसा असतो याचा इतका विचार त्याने शिष्यांसाठी केला होता.

पुढच्या शिक्षणाच्या वाटा तुम्हाला माहीत आहेतच: एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या ग्रेडनंतर डिप्लोमा, चेन्नईची केएम म्युझिक कॉन्झर्व्हेटरी ही संगीतसंस्था, गोव्याची कला अकादमी, किंवा ऑडिशन देऊन परदेश. परदेशी परफॉर्मन्सच्या पदवीसाठी रोज पाच-सहा तास एकटीने बसून सराव करायची भूक लागते. ती तिला आहे असं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही.

माझं मत विचाराल तर बीएस्सी पूर्ण होऊ द्या. शाळेत संगीतशिक्षक व्हायचं ठरलं तरी पदवी बहुधा मागतातच. त्यानंतर वर्षभर तिने लहान मुलांना शिकवण्यात मुरलेल्या एखाद्या शिक्षिकेच्या क्लासात मागे बसून बघावं, मदतनीस म्हणून राहावं, पैसे कमी मिळाले तरी. स्वतःचे दोन विद्यार्थी सोडू नयेत. मिळकतीचा हिशेब मे महिना रिकामा धरून करावा आणि दहावी-बारावीची मुलं जानेवारीत गळतात हेही त्यात धरावं. या कामात पैसा मिळतो, पण तो सावकाश जमतो आणि नाव झाल्यावरच येतो. ज्यांना पहिल्या वर्षीच पगाराची स्लिप हवी त्यांनी इकडे येऊ नये.

आणि तुम्ही क्लासच्या वेळी फिरायला जा. जेवताना पियानोचा विषय तिने काढला तरच बोला.

एक गोष्ट राहिली. तुमच्या चार पानी पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र तिने लिहावं, तुम्हाला न दाखवता. सोडून गेलेल्या छोटीसकट तिन्ही विद्यार्थ्यांबद्दल एकेक परिच्छेद: हात कुठे अडतो, आत्ता काय वाजवतात, पुढचे तीन पीस कोणते दिले असते आणि का. शिक्षिका म्हणून ती कुठे उभी आहे हे मला त्या कागदावरून कळेल. एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म तोवर भरू नका. भरायचाच असला तर तिला भरू द्या.