चौथऱ्यावरची नोटीस

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळून आठवडा झाला. विवेक आणि लोकशाही ही प्राचीन ग्रीसची देणगी आपण घ्यावी, पण त्यांचे देव आणि पुराणकथा संग्रहालयातच राहू द्याव्यात, आणि आपल्याही तिथेच ठेवून याव्यात, असा मुद्दा तू वादविवाद स्पर्धेत मांडलास. भाषणाची प्रत मी दोनदा वाचली. बक्षीस मिळाले याचा आनंद आहेच. पण तू माझे मत विचारले आहेस आणि ते तुझ्याहून वेगळे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी स्वतः कितीतरी वर्षे वर्गात अथेन्स असेच शिकवले. लोकसभा, म्हणजे सगळ्या नागरिकांची सभा, परिषद, न्यायमंडळे, चिठ्ठ्या टाकून होणाऱ्या नेमणुका हे सगळे फळ्यावर येई आणि देव मात्र धड्याच्या बाहेर राहत. पुढे मूळ साधने वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की अथेन्सच्या लोकशाहीतून देव वगळले तर तिची साधी कार्यालयीन रचनाही समजत नाही.

इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीस या अथेन्सच्या पुढाऱ्याने नगराची घडी नव्याने बसवली. त्याआधी नागरिक चार जमातींत विभागलेले होते, आणि त्या जमाती आयॉन नावाच्या पूर्वजाच्या चार मुलांपासून निघाल्या अशी समजूत होती. क्लेइस्थेनीसने ती विभागणी बाजूला सारून दहा नव्या जमाती केल्या आणि प्रत्येक जमातीत किनाऱ्यावरची, शहराजवळची आणि आतल्या मुलखातली गावे मुद्दाम एकत्र बसवली, म्हणजे मासेमारी करणारा, कुंभार, शेतकरी आणि जुन्या घराण्यातला जमीनदार यांना एकाच जमातीचे म्हणून शेजारी बसावे लागावे आणि शेजारी उभे राहून लढावे लागावे. कागदावर हे सोपे आहे. पण कालपर्यंत एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना आजपासून तुम्ही एक आहात असे सांगायचे, तर त्यांना बांधणारे काहीतरी हवे. त्यासाठी शंभर पुराणपुरुषांची नावे डेल्फीला, देववाणीसाठी प्रसिद्ध असलेल्या अपोलो देवाच्या मंदिरात, पाठवली गेली आणि तिथल्या पुजारिणीने त्यांतली दहा निवडली. प्रत्येक नावामागे एक कथा होती, एक पूजास्थान होते. त्या दहांत एजॅक्स हा तर मुळात अथेन्सचा नव्हताच, तो सालामिस बेटाचा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की तो परका असूनही शेजारी आणि मित्र म्हणून घेतला गेला. म्हणजे एक दशांश अथेन्सवासीयांनी बाहेरच्या वीराला आपला मूळपुरुष मानले. हे मला फार मोलाचे वाटते. जन्माने जे नाते नव्हते ते कथेने जोडले, आणि जोडताना ते सर्वांदेखत जोडले.

आता त्या दहांचे पुढे काय झाले ते पाहा. अगोरात, म्हणजे गावच्या मुख्य चौकात, एका लांबट चौथऱ्यावर त्यांचे ब्राँझचे पुतळे ओळीने उभे केलेले होते. चौथऱ्याचे अवशेष आजही तिथे आहेत. त्या पुतळ्यांच्या पायाशी नोटिसा लागत. कोणत्या जमातीतल्या कोणाला सैन्यात हजर व्हायचे आहे, याची यादी त्या जमातीच्या वीराखाली लागे. पुढे इ.स.पू. चौथ्या शतकात तर नवा कायदा सुचवणाऱ्याने त्याचा मसुदा आधी या चौथऱ्यापुढे लावावा, कोणालाही तो वाचता यावा, आणि मगच त्यावर निर्णय व्हावा, असा नियम होता. आपला माणूस कोण हे पुराणकथा सांगत होती आणि त्या माणसाला काय ठाऊक असायला हवे ते तिच्या पायाशीच टांगलेले होते. लोकसभेचेही तेच. प्निक्स टेकडीवर सभा भरली की आधी बळी देऊन जागेची शुद्धी होई, लोकांची फसवणूक करणाऱ्याला शाप उच्चारला जाई, आणि मग दवंडीवाला विचारी, ‘कोणाला बोलायचे आहे?’ शाप आणि प्रश्न यांच्यात त्या माणसांना विसंगती वाटली नाही.

तू म्हणशील, हे झाले सजावटीचे. माझेही तेवढ्यावर समाधान होत नाही, कारण चौथरा माणसांना जवळ आणतो तसा दूरही ठेवतो, हे मी लहानपणी पाहिले आहे. आमच्या गावची सभा मारुतीच्या देवळात भरत असे. नोटीस देवळाच्या भिंतीलाच खिळ्याने लावत. सरपंच आणि पुढारी सभामंडपात बसत, आणि दलित वस्तीतली माणसे खाली, पाराच्या कडेला, उन्हात उभी राहून ऐकत. त्यांना कोणी येऊ नका म्हणत नव्हते. म्हणायची गरजच नव्हती. एकदा पाणीपुरवठ्याच्या विषयावर त्यांतल्या एका म्हाताऱ्याने खालून हात वर केला. तो हात बराच वेळ वर होता. मंडपातून तो दिसत होता, मला दिसला, माझ्या वडिलांनाही दिसला असणार. विषय मंजूर झाला आणि सभा उठली. राज्यघटना लागू होऊन तेव्हा दशक उलटून गेले होते. पुढे शाळेच्या पटांगणात सभा भरू लागली, तेव्हा कुठे ती माणसे खाली बसून बोलू लागली. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो देवदर्शनासाठी होता असे अनेक जण समजतात. देवळाच्या पायरीवर कोण चढतो हा नागरिकत्वाचा प्रश्न आहे हे मला त्या वर केलेल्या हाताने शिकवले.

अथेन्सही यातून सुटले नाही. वारो या रोमन पंडिताने सांगितलेली एक कथा संत ऑगस्टीनने नोंदवली आहे. केक्रॉप्स राजाच्या काळी नगराचे नाव अथीना देवीवरून ठेवायचे की समुद्रदेव पोसायडनवरून, यासाठी मतदान झाले. पुरुषांनी पोसायडनला मते दिली, स्त्रियांनी अथीनाला. स्त्रियांची संख्या पुरुषांहून एकने जास्त होती, त्यामुळे अथीना जिंकली. पोसायडनने रागाने समुद्र जमिनीवर घातला, आणि त्याला शांत करण्यासाठी स्त्रियांना तीन शिक्षा झाल्या: यापुढे त्यांनी मत द्यायचे नाही, मुलांना आईचे नाव लागायचे नाही, आणि त्यांना अथेन्सवासी म्हणायचे नाही. जे नगर एका देवीच्या नावाने ओळखले जाते त्या नगरात स्त्रीला मत का नाही, याचा हा खुलासा. अन्यायाला कारण पुरवण्यासाठी ही कथा सांगितली गेली असेल, आणि तू ज्याला अडगळ म्हणतेस ते हेच. पण ती पुन्हा वाच. तिच्याच पोटात हेही आहे की एके काळी त्यांना मत होते, त्यांनी ते दिले, आणि त्या जिंकल्या म्हणूनच ते गेले. नुसत्या कायद्याने बंदी घातली असती तर त्याआधीची ही आठवण कशाला उरली असती? पुराणकथेची ही एक खोड आहे: ती लपवायला बसते आणि सांगून जाते. तिला प्रश्न विचारणारे कोणी हवे, एवढेच.

तसे प्रश्न अथेन्समध्ये भर सभेत विचारले जात. इ.स.पू. ४६२ च्या सुमारास एफिअल्टीस या लोकशाहीवादी पुढाऱ्याने अरिओपॅगस या उमरावांच्या जुन्या मंडळाचे बहुतेक अधिकार काढून घेतले आणि मुख्यतः खुनाचे खटले त्याच्याकडे ठेवले. थोड्याच काळात त्याचा खून झाला. नगर आतून दुभंगले होते. अशा वेळी, इ.स.पू. ४५८ साली, डायोनायसस देवाच्या उत्सवात नाटककार एस्किलसने त्याच अरिओपॅगसच्या जन्माची कथा हजारो नागरिकांसमोर रंगमंचावर आणली. आईचा खून केलेल्या ओरेस्टीसच्या मागे सूडदेवता लागल्या आहेत. आईने बापाला मारले होते म्हणून त्याने आईला मारले, आता त्याला मारायचे, आणि पुढे कोणाला? अथीनेपुढे प्रकरण येते तेव्हा ती देवी असूनही म्हणते की हा निवाडा माझ्या एकटीच्या आवाक्यातला नाही, आणि नागरिकांचे न्यायमंडळ बसवते. मते समसमान पडतात आणि आरोपी सुटतो. आपले मत त्याच्या बाजूने देताना अथीना जे कारण सांगते, मला आई नाही म्हणून मी पुरुषाच्या बाजूची, ते मला कधीच पटलेले नाही आणि तुलाही पटू नये.

खरा गाभा निकालानंतर येतो. हरलेल्या सूडदेवता भूमी नासवण्याची धमकी देतात. अथीना त्यांना सांगते की देवांचा राजा झ्यूस याचा वज्राग्नी ज्या कोठीत बंद आहे तिच्या किल्ल्या मला ठाऊक आहेत, पण त्याची इथे गरज नाही. आणि ती बोलत राहते. एकदा, दोनदा, तीनदा नकार ऐकते आणि पुन्हा बोलते, त्यांना अरिओपॅगस टेकडीखाली घर आणि मान देऊ करते, शेवटी त्या राजी होतात. हे यश ती पेइथोचे मानते. पेइथो म्हणजे मन वळवणे. ती अथेन्समध्ये देवी होती आणि तिची खरोखर पूजा होत असे. हातात किल्ली असताना कोठी न उघडणे आणि हरलेल्याला गावाबाहेर न घालवणे, या दोन गोष्टी कोणत्याही घटनेच्या कलमात पुरत्या उतरवता येत नाहीत. त्या पाहून अंगी बाणवाव्या लागतात, आणि त्या दिवशी अथेन्सने त्या देवीच्या तोंडून पाहिल्या.

याच नगराने इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला, आणि आरोपातला एक भाग असा होता की तो नगराचे देव मानत नाही. लोकशाही न्यायमंडळाने, सुमारे पाचशे नागरिकांच्या बहुमताने हे केले. तुझ्या भाषणातला हा दाखला बिनतोड आहे आणि मी तो खोडायला जाणार नाही. फक्त त्याच्या बचावातले एक स्थळ तू पाहिले नसशील. डेल्फीच्या देववाणीने म्हटले होते की सॉक्रेटिसहून शहाणा कोणी नाही. हे कळल्यावर त्याने काय केले? त्याने ते नाकारले नाही आणि त्याचा मिरवून उपयोगही केला नाही. आपल्याहून शहाणा माणूस शोधून काढावा आणि देववाणीपुढे उभा करावा, म्हणून तो राजकारण्यांकडे, कवींकडे, कारागिरांकडे प्रश्न विचारत हिंडला. त्याची सारी उलटतपासणी देवाचे एक वाक्य ताडून पाहण्यापासून सुरू झाली. देव न मानणारा आणि देव मानणारा यांच्यातला फरक मला आता तितका मोठा वाटत नाही; वाक्य ताडून पाहणारा आणि त्यावर दुसऱ्याला मारणारा यांच्यातला फरक मात्र फार मोठा वाटतो.

आपल्याकडे हे काम जोतीराव फुल्यांनी केले. पुराणे टाकून देणे त्यांना अवघड नव्हते. पण १८७३ साली ‘गुलामगिरी’त त्यांनी अवतारांच्या कथा एकेक करून उलट्या वाचल्या, त्याही धोंडिबा प्रश्न विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात अशा संवादातून. वामनाने तीन पावले मागून बळीला पाताळात घातले, ही विजयाची कथा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. फुल्यांनी विचारले की हा विजय कोणाचा, आणि दान देणाऱ्या राजाचा गुन्हा कोणता? त्यांनी लावलेल्या साऱ्या व्युत्पत्ती आजचा अभ्यासक स्वीकारणार नाही. त्यांचा प्रश्न मात्र अजून उभा आहे, आणि तो शेतकऱ्यापर्यंत लगेच पोचला, कारण त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या घरात आधीपासून होते. पाडव्याला आई आम्हाला ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणायची. तिने फुले वाचले नव्हते. पण कथेतला हरलेला राजा परत यावा असे ती दर वर्षी म्हणत होती.

तेव्हा तुझ्या मुद्द्यात मी एवढाच बदल सुचवीन. पुराणात आहे म्हणून खरे, किंवा पुराणात आहे म्हणून योग्य, असे कोणी सभेत म्हणाले तर तिथे ठाम उभी राहा. तो पुरावा होत नाही, मग कथा आपली असो की परकी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. देवाच्या जागी माणूस बसला की ती भक्ती अधिकच घातक होते, हे तू आजूबाजूला पाहत असशील. पण कथा मांडायचीच नाही असे तू ठरवलेस, तर ती मांडण्याचे काम फक्त त्यांच्याकडे राहील ज्यांना तिच्यावर प्रश्न नको आहेत. मला याचीच जास्त धास्ती वाटते. तुझ्यासारखी वाचलेली मुले कथा सोडून निघून जातात आणि मग देवळाच्या मंडपात एकच आवाज उरतो.

पुढच्या फेरीआधी एक कर. तुमच्या गावात ग्रामसभेची नोटीस कुठे लागते, सभा कुठे भरते आणि कोण कुठे बसते, हे स्वतः जाऊन पाहा आणि मला लिही.

आणि दिवाळीत पाडव्याला सकाळी घरी ये. पाटावर रांगोळीने बळी काढलेला असेल. माझी नात सात वर्षांची आहे, आणि हा राजा कोण, त्याला खाली का घातले, असे ती गेल्या वर्षीपासून विचारते आहे. या वेळी तिला तू सांग. ती मध्ये थांबवून काय विचारते ते मला शेजारी बसून ऐकायचे आहे.

तुझे,
सर