भाजीच्या गोदामात यूव्ही ट्यूब लावली तर भाजी जास्त टिकेल का? किती वॅटची घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की दहा बाय बाराच्या खोलीत भाजी ठेवता, तिसऱ्या दिवशी ती खराब व्हायला लागते, म्हणून छताला यूव्ही ट्यूब, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा दिवा, लावायचा विचार आहे. छताला लावू नका. वॅटचं पुढे सांगते. आधी आमच्याकडे काय झालं ते वाचा, कारण हीच चूक आमच्या घरात झालीय आणि तिच्यावरून अजूनही बोलाचाली होते.

आम्ही गुहागर तालुक्यातले. वाडीतल्या बायकांची भेंडी, पडवळ, दोडकी, काकडी संध्याकाळी आमच्या पडवीत जमा होते आणि सकाळी टेम्पोने बाजारात जाते. टोमॅटो, कोबी घाटावरून चिपळुणात येतो, तो तिथून उचलतो. गणपतीच्या आधीचे चार दिवस आमच्यासाठी वर्षाचे दिवस. चाकरमानी आलेले असतात, ऋषीच्या भाजीला प्रत्येक घरात सगळं थोडं थोडं लागतं, भावाची घासाघीस कोणी करत नाही. २०२१ साली माझे धाकटे दीर मुंबईहून आले ते करोनाच्या वेळी कुठल्याशा ऑफिसात वापरलेल्या दोन यूव्ही ट्यूब घेऊन. "वहिनी, आता आठवडाभर भाजीला काही होत नाही," म्हणाले.

पडवीच्या वाशाला ट्यूब बांधल्या. खाली क्रेट पाच-पाच एकावर एक रचले, चारही बाजूंनी ताडपत्री सोडली आणि रात्रभर दिवे चालू. त्या दिवशीची भाजी भर पावसात काढलेली होती. सासूबाई दारात उभ्या राहून सांगत होत्या, "वली भाजी अशी कोंबू नको रे, आधी पसर." कोणी ऐकलं नाही. मीही नाही, आणि ते मला अजून लागतं.

तिसऱ्या दिवशी ताडपत्री वर केली तेव्हा वरचे क्रेट बरे दिसत होते. दुसऱ्या क्रेटमध्ये हात घातला तर आत ऊब. त्याखालचं पडवळ मधोमध पिचपिचीत झालेलं, उचललं की साल बोटांना चिकटून येई. आणि वरच्या थरातली भेंडी नीट पाहिली तर शिरांवर तपकिरी, भाजल्यासारख्या रेघा. त्याही फक्त ट्यूबकडच्या बाजूला. पलटली की दुसरी बाजू हिरवीगार! अर्ध्याहून जास्त माल गुरांपुढे टाकला. ज्या बायकांनी विश्वासाने भाजी आणून दिली, त्यांचे पैसे आम्ही घरातून दिले.

त्याहून वाईट म्हणजे पहिल्या संध्याकाळी माझी जाऊ त्या उजेडात तासभर भाजी निवडत बसली होती. रात्री दोनला ती रडतच उठली. डोळ्यांत वाळू घातल्यासारखं खुपतंय, डोळा उघडवत नाही. डॉक्टर म्हणाले, वेल्डिंगकडे बघितल्यावर होतं तेच हे. सहा-आठ तास काही जाणवत नाही, मग एकदम सुरू होतं. दोन दिवसांत ती बरी झाली, पण ते दोन दिवस आमच्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

दीर आजही म्हणतात, "ट्यूबचं तंत्र बरोबर होतं, तुमची भाजीच ओली होती." अहो, मग सासूबाई दुसरं काय सांगत होत्या? गणपतीत दहा माणसांसमोर दिरांनी वर ऐकवलं की गावातल्या लोकांना विज्ञान नको असतं. मला विज्ञान हवंय. पूर्ण हवंय, अर्धं नको.

यूव्ही-सी म्हणजे २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश. तो जंतूंचा आणि बुरशीचा डीएनए बिघडवतो, पण उजेड पडेल तिथेच. सावलीतल्या बाजूला नाही, दुसऱ्या थराला नाही, चिरलेल्या जागेतून आत शिरलेल्या कुजीला तर मुळीच नाही. काढलेली भाजी श्वास घेत असते, त्यातून उष्णता आणि ओल सुटते. ढिगात ती साठते, आणि त्यावर यूव्हीचा काही इलाज नाही. आमच्या क्रेटमधली ऊब तीच होती.

दुसरा फायदा मात्र खरा आहे, आणि दिरांना तोच माहीत नव्हता. या किरणांचा मोजकाच डोस दिला तर भाजी स्वतःच जागी होते. किंचित इजा झाल्यासारखी ती बुरशीविरोधी द्रव्यं तयार करते, टोमॅटो सावकाश पिकतो, ब्रोकोलीचा हिरवा रंग उशिरा उतरतो. टोमॅटोला हा डोस दर चौरस मीटरला ४ किलोज्यूलच्या आसपास पुरतो, ब्रोकोलीला १० च्या आसपास लागतो. आता तुमचं वॅट. ट्यूबवर लिहिलेल्या वॅटला अर्थ नाही, त्यातले निम्म्याहून कमी यूव्ही-सी म्हणून बाहेर पडतात. टोमॅटोपर्यंत किती पोचतात ते मीटरने मोजावं लागतं. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल. दर चौरस मीटरला १० वॅट पोचत असतील तर ४ किलोज्यूलला ४०० सेकंद, म्हणजे सातेक मिनिटं. आमच्या वाशावरून १ वॅटच पोचत होता असं धरलं, तरी दहा तासांत ३६ किलोज्यूल झाले. टोमॅटोच्या नऊपट! भेंडीवरच्या रेघा त्याच्याच.

पुढच्या वर्षी मी बंद पेटीत, झाकण उघडलं की दिवा विझेल असं बटण बसवून, घाटावरच्या अर्धकच्च्या टोमॅटोंना एका थरात दोन्ही बाजूंनी दिवा दिला आणि नंतर अंधारात ठेवले, कारण लगेच उजेड मिळाला तर जंतू स्वतःची दुरुस्ती करून घेतात. शेजारी तेवढेच साधे ठेवले. दिवा दिलेले सावकाश लाल झाले. पण रोजचे वीस क्रेट असे एकेका थराने करायला माणसं आणणार कुठून? आम्ही सोडून दिलं.

तुमच्या खोलीत आधी हे करा: भाजी पाण्याचा थेंब सुकल्यावर काढा, पावसात काढावीच लागली तर पंख्याखाली एक थर पसरून कोरडी करा, चिरलेली-ठेचलेली बाजूला काढा, क्रेटमध्ये बोटभर फटी ठेवा. काकडी-वांगी ४ अंशाच्या फ्रिजात घालू नका, सालीवर खड्डे पडतात, १० ते १२ अंश पुरे. ओल्या विटांची शीतपेटी कोणी सुचवेल, ती कोरड्या हवेची वस्तू आहे. आमच्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की ती गार होत नाही.

एवढं करूनही ट्यूब घ्यायचीच असेल तर २५४ लिहिलेली घ्या. किडे मारायच्या मशीनमधली जांभळी ट्यूब ३६५ ची असते, तिचा इथे उपयोग नाही. यूव्ही-सी साध्या काचेतून जात नाही, म्हणून पेटीला काच लावलीत तर दिवा काचेच्या आत, भाजीच्या बाजूला हवा. आत पारा असतो, फुटली तर झाडूने झाडू नका, खिडक्या उघडून ओल्या कागदाने टिपा. आणि भाजी निवडणाऱ्या बाईला त्या खोलीत बसवायचं असेल तर आधी मेन स्विच बंद आहे का ते स्वतः जाऊन बघा.