वाचक विचारतात : धरणाला हरकत कशी आणि कुठे घ्यायची?

प्रश्न : आमचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यात. सर्व्हेवाले शेतात खुणेचे दगड रोवून गेले, धरण होणार म्हणतात. जनसुनावणी कधी लागते? तिथे काय बोलायचं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी धरण कशासाठी आहे ते काढा. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेत वीज आणि सिंचनाची धरणं येतात. त्यातही 25 मेगावॉटखालची वीज आणि ठरावीक हेक्टरपर्यंतचं लहान सिंचन वगळलेलं आहे. निव्वळ पिण्याच्या पाण्याचं धरण तर यादीतच नाही, मग गाव बुडणार असलं तरी या अधिसूचनेखाली जनसुनावणी होत नाही. हा उघड अन्याय आहे. अशा वेळी वनजमीन, वनहक्क आणि भूसंपादन या तीन वाटा उरतात.

हेतू कळायला जलसंपदा विभागाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर 150 शब्दांच्या आत, विषय एकच. दोन विषय एकत्र केले की अर्ज अडतो. सर्वेक्षणाचा आदेश, प्रशासकीय मान्यता आणि बुडीत क्षेत्राची गट क्रमांकांसह यादी मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

यादी हातात आली की सातबारा घेऊन गटागटाने ताडा. अशा याद्यांत बऱ्याचदा पूर्ण संचय पातळीपर्यंतचेच, म्हणजे धरण काठोकाठ भरल्यावर पाणी चढेल तिथवरचेच, गट असतात. कालवा, दगड-मुरमाच्या खाणी, राडारोडा टाकायची जागा आणि पोचरस्ता यांत जाणारी जमीन सुटते. वनहक्काचे दावेदार, म्हणजे वनजमीन कसणारे, सातबाऱ्यावर नसतात, म्हणून तेही सुटतात. त्यांची वेगळी यादी ग्रामसभेच्या ठरावाला जोडा. आंबेगावातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तुमचं गाव त्यात असेल तर 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 41 प्रमाणे संपादनाआधी ग्रामसभेची संमती लागते.

जनसुनावणी लागलीच, तर किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते. धरणाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो, सारांश मराठीतही असतो. सुनावणीला गणपूर्तीची, म्हणजे किमान हजेरीची, अट नाही. त्यामुळे सगळ्यांनी बहिष्कार टाकला तरी ती ‘पार पडली’ अशीच नोंद होते. निषेध करायचाच असेल तर आत जाऊन, लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

‘धरण नको’ एवढंच म्हटलं तर इतिवृत्तात एक ओळ पडते. नेमकं विचारा : पाण्याचं गणित 75 टक्के विश्वासार्हतेवर (शंभरातल्या 75 वर्षी तरी मिळेल एवढ्या पाण्यावर) मांडलंय, तर नदीचा प्रवाह किती वर्षं मोजला? की पावसावरून अंदाज बांधला? मासे आणि झाडांची पाहणी कोणत्या महिन्यांत झाली? धरणाखालच्या पात्रात उन्हाळ्यात किती पाणी सोडणार? सुनावणीत आलेल्या मुद्द्यांची दखल अंतिम अहवालात घ्यावीच लागते, म्हणून प्रश्न जितका नेमका तितकं उत्तर टाळणं अवघड. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात, तोवर उठू नका. मुद्दा गळाला असेल तर तिथेच घालायला लावा.

प्रश्न : पर्यावरण मंजुरी मिळून गेली असेल तर? – एक वाचक, भोर

उत्तर : पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे. अपिलाला 30 दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी 60. त्यापुढे एक दिवसही मिळत नाही. मुदत मंजुरी जाहीर झाल्यापासून मोजतात, तेव्हा जाहिरातीचं कात्रण तारखेसकट जपून ठेवा.

प्रश्न : मुळशीला एवढा सत्याग्रह होऊनही धरण झालंच ना? – एक वाचक, पौड

उत्तर : झालं, आणि त्या मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली. पण 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला तेव्हा 1894 च्या भूसंपादन कायद्यात जमीनमालकाची हरकत ऐकून घेण्याचं कलमच नव्हतं, ते 1923 च्या दुरुस्तीने आलं. आज भूसंपादनाच्या प्राथमिक अधिसूचनेनंतर 60 दिवसांत, 2013 च्या कायद्याच्या कलम 15 खाली, जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. गावाने एकच सामायिक अर्ज देऊ नये. प्रत्येक खातेदाराने आपला गट क्रमांक, विहीर, झाडं आणि घर नोंदवून स्वतंत्र हरकत द्यावी आणि सुनावणीची मागणी त्याच अर्जात लिहावी.