धुराड्यातून ठिबकणारं काळं पाणी

प्रश्न : काकू, मागच्या दिवाळीला नवीन स्वयंपाकघर बांधलं आणि त्यात धुराड्याची चूल मांडली. टिनाचा पाइप भिंतीतून बाहेर काढून वर नेला आहे. या पावसाळ्यात पाइपाच्या सांध्यांतून काळं, चिकट पाणी ठिबकायला लागलं. भिंतीवर ओघळ आलेत, वास जात नाही. सासूबाई दुधासाठी रात्रभर बाभळीचं ओलं लाकूड धुमसत ठेवतात. आमचे हे म्हणतात, पऱ्हाट्यांचा मोठा जाळ करून पाइप आतून जाळून टाकू. शेजारच्या बाई म्हणतात, चुलीत मूठभर मीठ टाका. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, दोघांचंही नको. त्यातही यजमानांना आधी थांबवा. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तिची ज्वाळा थेट पाइपात शिरते. आत जे साचलंय ते जळाऊ आहे. ते एकदा पेटलं की पाइप घों घों करतो, आतली उष्णता हजार अंशांच्या वर जाते, टिन लाल होतं. वरून उडालेल्या ठिणग्या गंजीवर पडल्या तर काय होईल, हे कापूसवाल्या घराला मी सांगायला नको. मिठाने ही चिकट काजळी निघत नाही, टिन मात्र गंजतं.

हे काळं पाणी म्हणजे लाकडातलंच तेल-डांबर. त्याला क्रिओसोट म्हणतात. लाकूड नीट जळालं नाही की ही वाफ धुराबरोबर वर जाते. धूर साधारण 120 अंशांच्या खाली निवला की ती पाइपाला आतून धरते, भाताच्या झाकणाला पाणी धरतं तशी. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी जुळून आल्या : ओली बाभूळ, धुमसता जाळ आणि भिंतीबाहेरचा गार पाइप. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन पाण्याचंच असतं. चुलीची बरीच ताकद ते पाणी उडवण्यात वाया जाते आणि जाळ थंडावतो.

आता सफाई. चूल पूर्ण थंड झाली की पाइप उतरवा. नाका-तोंडाला फडकं बांधा, हातमोजे घाला, ही काजळी कातडीला झोंबते. भुरभुरीत किंवा पापुद्र्याची असेल तर दोरीला तारेचा ब्रश बांधून खाली-वर ओढला की निघते. काचेसारखी चकचकीत, कडक झाली असेल तर ब्रशचा उपयोग नाही. तो तुकडा बदलून टाका, टिनाच्या पैशापुढे घर मोठं. पुढे थर तीन मिलिमीटर दिसला की थांबू नका. काढलेली काजळी चुलीत घालायची नाही, विहिरीपासून दूर पुरायची.

पाइप परत बसवताना सांधे बघा. वरच्या तुकड्याचं तोंड खालच्याच्या आत गेलं पाहिजे. टिनवाले पुष्कळदा उलटं बसवतात. त्यांना वाटतं, धूर बाहेर येऊ नये. पण धूर ओढीने वर जातोच, खाली येतो तो रस, आणि तो मग बाहेरून भिंतीवर उतरतो. तुमचे ओघळ बहुतेक त्याचेच आहेत. जमलं तर पाइप घरातूनच सरळ वर न्या, म्हणजे तो गरम राहील. मात्र कवेलूंखालच्या बांबू-फाट्यांपासून तो दीड फूट तरी लांब हवा आणि छतातून निघतो तिथे भोवती रुंद पत्रा हवा.

मी सरकारी योजनेत बिनधुराच्या चुली मांडत गावोगाव फिरले. ती योजना 1983 च्या सुमारास सुरू झाली आणि 2002 मध्ये बंद पडली. आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीची मगन चूल तर त्याच्याही आधीची. चूल बायांना आवडायची, पाइप साफ करायला कुणाला सांगितलेलं नसायचं. तो तुंबला की बाया चूल फोडून जुनी मांडायच्या, आणि साहेब म्हणायचे, बाया ऐकत नाहीत! अशा जुन्या चुलीचा सिमेंटचा पाइप कुणाकडे उरला असेल तर तो कोरडा खरवडू किंवा कापू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसात शिरून घात करणारे बारीक तंतू, असू शकतं.

सरपणाचं म्हणाल तर बाभूळ हिवाळ्यातच तोडून, मनगटाएवढी फोडून, वारा खेळेल अशी रचा. आपला मे महिना फुकट वाळवून देतो. मृगाआधी वर पत्रा टाका. दोन फाटे एकमेकांवर आपटून टणटण वाजले आणि टोकांना भेगा दिसल्या की लाकूड तयार. यंदाचं ओलं लाकूड राहू द्या, तुराट्यांवर आणि कोरड्या फाट्यांवर भागवा.

कधी पाइपातून घोंघाट आलाच तर आत पाणी ओतू नका. चुलीचं तोंड पत्र्याने झाकून ओल्या मातीने लिंपा, पोरंबाळं बाहेर काढा, 101 किंवा 112 ला फोन करा आणि पाणी छपरासाठी हाताशी ठेवा.

राहिलं सासूबाईंचं दूध. संध्याकाळचा जाळ खणखणीत होऊ द्या. लाकूड जळून लाल निखारे उरले की त्यांवर दूध ठेवा. निखाऱ्यांतून डांबर जवळजवळ निघत नाही. पण निखाऱ्यांचा वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि तो जीव घेतो. म्हणून खिडकी उघडी ठेवा, धुराडं बोळा घालून बंद करू नका, आणि त्या खोलीत कुणी झोपत असेल तर अंथरूण दुसरीकडे हलवा.