घराण्याला शाप असलेले जुने, स्वस्तातले भयपट आज बघण्यासारखे आहेत का? राक्षस धड दिसतही नाही, मग भीती कशाची?

आहेत. 'कॅट पीपल' (१९४२) पासून सुरुवात करा.

पण तुम्ही प्रश्नात 'राक्षस धड दिसतही नाही, मग भीती कशाची' असं लिहिलंय ना, त्यावर बोलायचंय मला. आमचे एक काका कायम हेच ऐकवतात. त्यांच्या मते भयपट म्हणजे 'पुराना मंदिर' (१९८४), त्यातला सामरी राक्षस दिसतो, त्याचं तोडलेलं मुंडकं धडाला लागतं, पैसे वसूल. आवडतो मलाही, पण तिथे सामरीला संपवला की शाप संपला. 'कॅट पीपल'मधल्या इरेनाचं तसं नाहीये. सर्बियातल्या गावातून न्यूयॉर्कला आलेली मुलगी, लहानपणापासून मनात बसलंय की आपल्या रक्तातच ते आहे, प्रेमात किंवा रागात आपला बिबट्या होणार, म्हणून लग्न होऊनही नवऱ्याला जवळ येऊ देत नाही. यात राक्षस कुठे दाखवणार सांगा.

माझ्या आत्याला कोड आहे. पणजोबांनी नाग मारला त्याचा शाप, घराण्यात एका तरी मुलीला निघणारच, असं सगळे म्हणायचे. ठरलेलं लग्न मोडलं, शांत्या झाल्या, आणि त्यासाठी सगळ्यात जास्त मागे लागलेले हेच काका. एका दिवाळीला सगळे जमलेले असताना मी हा सिनेमा लावला. त्यात लग्नाच्या जेवणाचा सीन आहे, मांजरीसारख्या चेहऱ्याची एक अनोळखी बाई येऊन इरेनाला फक्त 'बहीण' म्हणते आणि इरेनाचा चेहराच उतरतो. आत्या म्हणाली, थांबव जरा. मग तिने सांगितलं की एका लग्नात कोड असलेली एक पाहुणी तिच्याजवळ येऊन 'तुला पण का गं?' म्हणाली होती आणि ही भरल्या ताटावरून उठली होती. इतकी वर्षं घरात कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी विचारलं, बिबट्या कधी येणार?

'कॅट पीपल'च्या निर्मात्याला, व्हॅल ल्यूटनला, स्टुडिओने दीड लाख डॉलरची मर्यादा घातलेली, लांबी ७५ मिनिटांच्या आत, नावही वरूनच ठरवून दिलेलं. मग त्यांनी सावल्या आणि आवाजावर काम भागवलं. रात्रीच्या रस्त्यावर बाईच्या टाचांचा आवाज, मग शांतता आणि अचानक फिस्सकन थांबणारी बस, किंवा तो स्विमिंग पूल, हे आजही अंगावर येतं. खरा बिबट्या ऑफिसात दिसतो तो स्टुडिओच्या आग्रहामुळे, आणि मला तोच सीन सगळ्यात फिका वाटतो.

नंतर 'शी-वुल्फ ऑफ लंडन' (१९४६) बघा, जेमतेम तासाभराचा आहे. लांडगा निघतच नाही म्हणून लोक शिव्या घालतात (शेवट सांगतोय, नको असेल तर पुढचं वाक्य सोडा). मावशी म्हणवणारी बाई घर बळकावायला पोरीच्या डोक्यात भरवते की घराण्याचा शाप तुझ्यात उतरलाय. मला हाच सगळ्यात खरा वाटतो, कारण शाप आहे म्हणणाऱ्याचा फायदा कशात आहे ते आधी बघायला पाहिजे. आत्याच्या वाट्याची जमीन आज कोण कसतंय हे काकांना चांगलं माहीत आहे.

आणि कोड त्वचेतला रंग गेल्यामुळे दिसतं, ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही, शाप तर नाहीच नाही.

हां, 'कॅट पीपल' सुरुवातीला संथ वाटेल, त्यातला सायकियाट्रिस्ट तर डोक्यात जातो. १९८२ चा रीमेक मात्र आधी बघू नका, त्यात माणसाचा बिबट्या होताना सगळं दाखवलंय, मग जुन्याची मजा जाते.