नाट्यवर्गासाठी स्वगतं निवडताना: संग्रह कमी, पूर्ण नाटकं जास्त

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बोरिवलीत आठवी ते बारावीच्या मुलांचा नाट्यवर्ग जूनपासून सुरू करताय, पुस्तकांसाठी हाताशी चार हजार रुपये आहेत. स्वगतांचे आणि एकपात्री प्रवेशांचे कोणते संग्रह घ्यावेत आणि शिकवणाऱ्याने स्वतः काय वाचावं, हे तुम्हाला हवंय. मी दादर-माटुंगा पट्ट्यात बरीच वर्षं असे वर्ग घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चार हजारांतले फार तर हजार रुपये संग्रहांवर घाला. उरलेल्या पैशांत नाटकं घ्या, पूर्ण संहिता. कारण सांगते. संग्रहात उतारा सुटा छापलेला असतो. पात्राचं नाव असतं, कधी वयही असतं. पण ते पात्र कोणाशी बोलतंय, त्याच्या आधी काय घडलंय आणि समोरच्याकडून त्याला काय हवंय, हे सगळं कापलं गेलेलं असतं. मग मुलाच्या हातात फक्त भावना उरते. ते पहिल्याच ओळीला आवाज चढवतं, मधे एक मोठा पॉज घेतं आणि शेवटी रडतं. शालेय स्पर्धांसाठी निघालेल्या पुस्तकांत तर हे हमखास. सैनिकाच्या आईचं मनोगत, तोडलेल्या झाडाचं मनोगत, वृद्धाश्रमातल्या आजोबांचं मनोगत. पहिल्या वाक्यात जे दुःख असतं तेच शेवटच्या वाक्यात असतं, मधे काही हलत नाही. अशा उताऱ्यावर बक्षीस मिळतं, पण मुलाला अभिनयातलं काही शिकायला मिळत नाही.

म्हणून दुकानात उभ्या उभ्या पुस्तक चाळताना एवढंच बघा: बोलणाऱ्याला समोरच्याकडून काही हवंय का, आणि ते मिळत नाही म्हटल्यावर तो मधेच डावपेच बदलतो का? आधी गोडीगुलाबी, मग टोमणा, मग विनवणी, असं काही होत असेल तर उतारा कामाचा. मग ते पुस्तक कोणाचं का असेना. आणि चार ओळी ओठ हलवून वाचा. श्वास कुठे घ्यायचा हे वाक्यच सांगत असेल तर लिहिणाऱ्याला रंगमंच माहीत आहे असं समजा.

एक उदाहरण जवळून दाखवते. ‘नटसम्राट’मधलं बेलवलकरांचं घर मागणारं स्वगत प्रत्येक बॅचला एखाद्या मुलाला हवंच असतं. तो येतो, पाठ वाकवतो, आवाज थरथरवतो, हात कापवतो. डॉ. लागूंनी 1970 साली ही भूमिका पहिल्यांदा केली तेव्हा ते 43 वर्षांचे होते, हे मी मुलांना आधी सांगते, म्हणजे म्हातारपणाच्या सोंगाचं ओझं थोडं उतरतं. मग बाकीच्या मुलांना त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसवते. त्याला सांगते की यातल्या एकाने तरी वळून तुझ्याकडे बघितलं पाहिजे, ओरडायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही, शब्द नाटकातलेच. आणि बसलेल्यांना सांगते की खरंच वळावंसं वाटलं तरच वळा, मैत्री म्हणून वळू नका. दोन-तीन प्रयत्नांनंतर थरथर आपोआप गळून पडते. तो एकेका पाठीजवळ जाऊन बोलायला लागतो, वाक्यं तोडतो, थांबतो, पुढच्याकडे जातो. वय दिसत नाही, पण मागणं दिसतं. सोळाव्या वर्षी एवढं पुष्कळ झालं. अर्थात पूर्ण नाटक वाचल्याशिवाय हे जमत नाही. ज्या माणसाने आपलं सगळं मुलांच्या नावावर करून दिलं तो आता रस्त्यात मागतोय, हे माहीत नसेल तर ती नुसती कविता होते.

मुलींकडून मागणी असते बेणारेच्या स्वगताची, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या. तेंडुलकरांनी ते ज्या जागी ठेवलंय ते आधी बघायला लावा. खेळ म्हणून चाललेल्या खटल्यात न्यायाधीश झालेला काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतो. प्रकाश बदलतो, बाकीची पात्रं जागच्या जागी गोठतात आणि ती भरभरून बोलते. ती थांबते तेव्हा कोर्टाच्या लेखी आरोपीने काहीच निवेदन केलेलं नसतं. म्हणजे एवढं सगळं रंगमंचावरच्या कोणीही ऐकलेलं नाही, फक्त प्रेक्षकांनी ऐकलंय. हे कळलं की बोलण्याची जातच बदलते. मुली तक्रारीच्या सुरातून बाहेर येतात, आणि पहिल्या अंकातली खोडकर, नकला करणारी बेणारे त्या स्वगतात शोधायला लागतात. तरीही आठवी-नववीला हे देऊ नका. त्यातला मामाचा भाग, आत्महत्येचा प्रयत्न, गर्भारपण हे सगळं त्या वयाच्या मुलीने वर्गासमोर अंगावर घ्यावं असं मला वाटत नाही. बारावीलाही आधी मुलीशी स्वतंत्र बोला, आणि तिने नको म्हटलं तर विषय तिथेच सोडा.

मग लहान गटाला काय द्यायचं? माझी पहिली पसंती आपल्या जुन्या भाणाला. संस्कृत नाटकाच्या दहा प्रकारांतला, म्हणजे दशरूपकांतला, हा एकनटी प्रकार. ‘चतुर्भाणी’ या नावाने चार भाण एकत्र मिळतात. विट, म्हणजे शहरातला एक बोलघेवडा रसिक माणूस, रस्त्याने चाललेला असतो, वाटेत माणसं भेटतात, पण ती कोणालाच दिसत नाहीत. त्यांचं बोलणं ऐकल्यासारखं करून तो ते स्वतःच उच्चारतो आणि मग उत्तर देतो. याला आकाशभाषित म्हणतात. मूळ भाण शृंगाराचे आहेत, ते मुलांना द्यायचे नाहीत, फक्त तंत्र उचलायचं. मी मुलांना दादरच्या फुलबाजारात पाठवते, म्हणजे वर्गातल्या वर्गातच. “काय म्हणालात मावशी? झेंडू शंभर? अहो, काल साठ होता! काय? काल गुरुवार नव्हता? बरं, अर्धा किलो द्या. नाही नाही, ती नको, खालची काढा.” एवढ्या चार ओळींत मुलाला दोनदा खरोखर ऐकावं लागतं. मावशी खाली बसल्यात की उभ्या आहेत, हे त्याच्या नजरेवरून कळलं पाहिजे. त्या रागावल्या तर तेही. स्वगत म्हणजे समोरच्या न दिसणाऱ्या माणसाचं ऐकणं, हे या खेळातून जितकं लवकर पोचतं तितकं कुठल्याही व्याख्यानातून पोचत नाही. आणि घरी मालवणी, आगरी, अहिराणी बोलणाऱ्या मुलांना ते त्याच बोलीत करू द्या. ‘वस्त्रहरण’ने मालवणीत थिएटरं भरवली, तेव्हा प्रमाण मराठीचा आग्रह पहिल्या दिवशी धरायचं कारण नाही.

पुढे गद्याच्या सरावासाठी गडकरी. ‘एकच प्याला’त तळीराम दारूची बाजू वकिली थाटात मांडतो. एक वाक्य संपता संपत नाही आणि ओघात युक्तिवाद पुढे सरकत राहतो. श्वासाचं नियोजन शिकवायला याहून चांगलं काही मला मिळालेलं नाही. दारूचा विषय म्हणून पालक कुरकुरले तर नाटक कशासाठी लिहिलंय ते समजावून सांगा. देवलांच्या ‘शारदा’तला भद्रेश्वर दीक्षित विनोदासाठी उत्तम, म्हाताऱ्या भुजंगनाथाला लग्नाची हाव लावणारा दलाल. डावपेच कसे बदलायचे ते त्याच्याकडून शिकावं.

नाटकाबाहेरही शोधा. मुलींसाठी चांगल्या भूमिका जुन्या नाटकांत कमी सापडतात, पण ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ (1882) उघडून बघा. पानापानावर पुरुषांना थेट विचारलेले प्रश्न आहेत, संताप आहे, उपहास आहे, समोरचा ऐकणारा ठरलेला आहे. मुक्ता साळवेने 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध एका शाळकरी मुलीचा आहे. तुमच्या नववीतल्या मुलीने तो उभं राहून बोलला तर अंगावर काटा येतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तले वडिलांच्या कडक सोवळ्याचे प्रसंग तर बोलल्यासारखेच लिहिलेले आहेत, फारसं काही बदलावं लागत नाही.

परदेशी नाटकांतून तीन जरूर ठेवा. चेखव्हचा तंबाखूच्या दुष्परिणामांवर भाषण द्यायला आलेला माणूस, जो तंबाखू सोडून आपल्या बायकोच्या जाचावर बोलत सुटतो. कॉक्तोची 1930 सालची एकाच बाईची टेलिफोनवरची नाटिका, ही मोठ्या मुलांसाठी. आणि स्ट्रिंडबर्गची ‘द स्ट्राँगर’ (1889), ज्यात दोन बायका कॅफेत भेटतात, एकच बोलते आणि दुसरी शेवटपर्यंत गप्प असते. ही शेवटची वर्गासाठी सोनं आहे, कारण जोडीतल्या दुसऱ्या मुलीलाही तितकंच काम करावं लागतं. गप्प भूमिका आधी सगळ्यांत बोलक्या मुलीला द्या.

‘वऱ्हाड निघालंय लंडनला’सारखं काही करायचंय असं मुलं म्हणतीलच. लक्ष्मण देशपांडे त्यात एकट्याने 52 पात्रं उभी करायचे. ते एकपात्री प्रयोगाचं वेगळं शास्त्र आहे, पात्रांतर करण्याचं. दुसऱ्या वर्षाला ठेवा, नाहीतर नकला होतात.

आता तुमच्या स्वतःच्या वाचनाबद्दल. स्तानिस्लाव्हस्कीचा के. नारायण काळ्यांनी केलेला मराठी अवतार ‘अभिनयसाधना’ मिळाला तर सोडू नका. इंग्रजी चालत असेल तर उटा हेगनचं ‘रिस्पेक्ट फॉर अ‍ॅक्टिंग’ (1973) घ्या. त्यातले नऊ प्रश्न मी मराठीत करून प्रत्येक मुलाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून घेते: मी कोण, वेळ कोणती, मी कुठे आहे, आजूबाजूला काय आहे, परिस्थिती काय आहे, समोरच्याशी माझं नातं काय, मला काय हवंय, आड काय येतंय, आणि ते मिळवायला मी काय करतो. उत्तरं नाटकातून शोधायची, मनाने रचायची नाहीत. हे झाल्यावर उताऱ्यातल्या प्रत्येक वाक्याशेजारी पेन्सिलीने एक क्रियापद लिहायला लावा: मनवतो, डिवचतो, चाचपतो, धमकावतो, माघार घेतो. ‘रागावतो’, ‘दुःखी होतो’ असं लिहिलं की खोडायला लावा, कारण ते समोरच्यावर काही करत नाही. व्हायोला स्पोलिनचं ‘इम्प्रोव्हायझेशन फॉर द थिएटर’ (1963) खेळांसाठी आणि सिसली बेरीचं आवाजावरचं पुस्तक वाचिकासाठी, म्हणजे आवाज आणि बोलण्याच्या अभिनयासाठी, दोन्ही ग्रंथालयातून आणून चालतील. यूट्यूबवरचे नामवंतांचे प्रयोग मुलं स्वतःहून बघतातच, पण उतारा उभा राहीपर्यंत बघू नका असं मी स्पष्ट सांगते. एकदा ती संवादफेक कानात बसली की काढणं फार अवघड जातं.

अकरावी-बारावीची मुलं ऑडिशनबद्दल विचारतील. ऑडिशनसाठी अंधेरीच्या आरामनगरला किंवा मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायला मिनिट-दीड मिनिटाचा तुकडा लागतो, बऱ्याचदा हिंदीत. मुलाच्या खऱ्या वयाचा, प्रस्तावना न लागणारा, पहिल्या वाक्यापासून काहीतरी घडणारा. बेलवलकर तिथे नको.

हक्कांचंही बघा, कारण वर्षाअखेरीस तुम्ही कार्यक्रम करालच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. देवल, गडकरी, खाडिलकर केव्हाच मुक्त झालेत. ‘नटसम्राट’चे लेखक शिरवाडकर 1999 साली गेले, म्हणजे त्यांचे हक्क 2059 संपेपर्यंत आहेत. तेंडुलकरांचे 2068 पर्यंत. चेखव्ह मुक्त आहे, पण त्याचा अलीकडचा मराठी अनुवाद मुक्त असेलच असं नाही. शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला, आणि शिक्षक, विद्यार्थी व पालक एवढ्यांसाठीच असलेला प्रयोग कायद्याने चालतो. तुमचा वर्ग एखाद्या शाळेशी जोडून घेतलात तर हे सोपं पडेल. तिकीट लावलंत, बाहेरचे प्रेक्षक बोलावलेत किंवा स्पर्धेत उतरलात तर लेखकाच्या वारसांची लेखी परवानगी घ्या, आणि जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते, त्याला वेळ धरून ठेवा.

खरेदीसाठी दादरला आयडियल या पुस्तकांच्या दुकानात एक अख्खी दुपार काढून जा. छापून संपलेल्या नाटकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासद व्हा. हक्कमुक्त जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर आणि साहित्य संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट सापडतात, त्यामुळे गडकरी-देवलांवर पैसे खर्च करायची घाई नको. चार हजारांतून थोडे बाजूला काढून ठेवा आणि मुलांना तुमच्याच बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात एक प्रयोग दाखवा, बाल्कनीतून. त्यांना आधीच सांगा की बोलणाऱ्या नटाकडे बघायचं नाही, जो ऐकतोय त्याच्याकडे बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याबद्दलच बोलायचं.

प्रत्येक मुलाला वर्षभरात किती उतारे, असंही तुम्ही विचारलंय. दोन पुरेत: एक नाटकातला, एक नाटकाबाहेरचा, दोन्ही तीन मिनिटांच्या आतले. निवड मुलाने करायची, तुम्ही फक्त सात-आठ नाटकं टेबलावर मांडून ठेवायची आणि कोणत्या मुलाला काय पेलणार नाही तेवढं सांगायचं. मुलांची वयं आणि संख्या नक्की झाली की इथेच कळवा, मी त्यानुसार नाटकांची नावं सुचवते.