पत्र्याच्या शेडातला पसारा

भाऊ, एका दिवसात शेड लख्ख करायला निघू नकोस. मे महिन्यात लातूरकडं पत्र्याखाली अकरानंतर उभं राहवत नाही. सकाळी ६ ते ९, एवढंच काम धर. मात्र मृगाच्या आत उरक, नंतर सामान मांडायला कोरडं अंगण मिळायचं नाही.

हात घालण्याआधी काठीनं हलवून बघ. पोत्यांखाली, विटांच्या ढिगात विंचू असतोच. मी एकदा ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं उघड्या हातानं उचललं आणि रात्र दवाखान्यात काढली. तेव्हापासून बूट, हातमोजे.

सगळं ताडपत्रीवर काढ. पान्यांसाठी भिंतीला प्लायवूड लाव, खिळे ठोक, पाना टांगून मार्करनं त्याची आकृती काढ. १२-१३ नंबरच्या पान्याची जागा रिकामी दिसली की समजायचं, शेजाऱ्यानं नेलाय. ठिबकचे बारीक सुटे भाग, म्हणजे १६ एमएमचे जॉइनर, ग्रोमेट, पारदर्शक बरण्यांत टाक. बंद डब्यातलं सापडत नाही, मग आपण नवीन आणतो.

फवारणीचं औषध मूळ डब्यातच, कुलपात ठेव. पाण्याच्या बाटलीत ओतलेलं तर अजिबात चालवून घेऊ नकोस, घरात लेकरं आहेत. पेट्रोल, थिनरही तापत्या पत्र्याखाली नको.

जळालेल्या मोटारीतलं तांबं वेगळं काढ, लोखंडाच्या भावात जाऊ देऊ नकोस. आणि भंगारवाल्याला वडील दुपारी झोपल्यावरच बोलाव, नाहीतर "लागंल कधीतरी" म्हणत अर्धं सामान परत आत जाईल.